अख्खी भिंत

१

सोमवारी सकाळी पक्षाघाताच्या वॉर्डाचा हॉल उघडला, तेव्हा समोरच्या भिंतीवरचं चित्र अर्धं नाहीसं झालं होतं. उजव्या बाजूला कुणीतरी पांढरा रंग मारला होता. डावी बाजू जशीच्या तशी होती.

चित्र भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं. संध्याकाळचा रस्ता आणि त्यावरून घरी परतणारी माणसं. पिशवी घेतलेली बाई, सायकल हाताने ढकलणारा म्हातारा, खांद्यावर पोर बसवलेला बाप. सगळे उजवीकडून डावीकडे चाललेले आणि डाव्या टोकाला लाल दाराचं घर. दारात एक बाई वाट बघत उभी. आता घर होतं, वाट बघणारी बाई होती, पण येणारं कुणी उरलं नव्हतं.

या हॉस्पिटलात माझं काम तक्रारी ऐकण्याचं. चहा गार आहे, पंखा वाजतो, शेजारचा पेशंट घोरतो. घोरण्यावर माझ्याकडे इलाज नाही, तरी ऐकून घेते. सगळे मला तक्रारताई म्हणतात आणि मी दिसले की मोठी माणसं वाट बदलतात. त्या दिवशी मात्र अधीक्षक साहेबांनी मला स्वतःहून बोलावलं.

"चोर सापडलाय," ते म्हणाले. "तुम्ही फक्त चौकशी झाली असं म्हणा."

सापडलेला चोर भिंतीशी मान खाली घालून उभा होता. तो वॉर्डातला मदतनीस, पेशंटना उठवणारा, बसवणारा, खुर्चीवरून हॉलमध्ये आणणारा. आमच्या जुन्या रंगाऱ्याची मुलगी त्याला दिलेली, म्हणून अख्खं हॉस्पिटल त्याला जावई म्हणतं. नावाचा जावई, मान कुणी दिल्याचं मला आठवत नाही. हॉलची एकुलती एक किल्ली त्याच्याकडे असते. शिवाय रोज सगळ्या पेशंटना त्या चित्रासमोर ओढत आणावं लागतं म्हणून वैतागून तो चारचौघांत बोलला होता, "या चित्रावर एकदा पांढरा हात मारला पाहिजे."

"रविवारी हॉल बंद होता. किल्ली कुठे होती?" मी विचारलं.

"माझ्याकडे," जावई म्हणाला.

"म्हणजे तू केलंस?"

"नाही."

"मग कुणी?"

त्याने मान आणखी खाली घातली. साहेबांनी हात झटकले. "उद्या सकाळी याला कामावरून काढतोय. तोवर काय विचारायचं ते विचारून घ्या."

ते गेल्यावर मी हॉलमध्ये चक्कर मारली. खिडक्या रंगवायचं काम तिथे बरेच दिवस रेंगाळलं होतं, म्हणून शिडी, डबा, ब्रश सगळं तिथेच कोपऱ्यात असायचं. आताही होतं. शिडी घडी करून भिंतीला टेकवलेली. डब्याचं झाकण ठोकून बसवलेलं. आणि ब्रश स्वच्छ धुऊन वाळत ठेवलेला.

अर्ध्या कामात घाबरून पळालेला माणूस ब्रश धुवायला थांबत नाही.

२

दुपारच्या आत गुन्हेगार स्वतःच्या पायांनी माझ्याकडे आला.

रंगारीबाबा माझ्या खोलीत शिरताना दाराच्या चौकटीला डाव्या खांद्याने धडकले आणि चौकटीलाच काहीतरी पुटपुटले. ते हॉस्पिटलात माझ्याही आधीपासून आहेत. निवृत्त झाले तरी रोज येतात. त्यांच्यावाचून इथल्या भिंतींचं पान हलत नाही. हातात अजून जादू आहे म्हणतात. अलीकडे मात्र वय दिसायला लागलं होतं. कॅन्टीनच्या दोन फळ्यांच्या दाराची एकच फळी त्यांनी परवा रंगवली होती. रंग संपला असेल, असं सगळे म्हणाले. आजची दाढीही धड केलेली नव्हती. एक गाल गुळगुळीत आणि एका गालावर खुंट. घरात जावयाची नोकरी चालली असताना दाढीकडे कोण बघतो, असं मनात म्हणत मी त्यांना चहा आणि बिस्किटं दिली.

"ताई, जावईबापूंना सोडा. भिंत मी रंगवली. काल सकाळी, मी एकट्याने."

"तुम्ही?"

"मी. अख्खी भिंत पांढरी केली."

"अख्खी कुठे बाबा? अर्धी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या आईवरून शिवी दिली. "मी आणि अर्धी भिंत? माझं काम बघितलंय ना तुम्ही? एक कोपरा सोडलेला दाखवा मला."

आम्ही साहेबांकडे गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसू दाबलं. "बाबा, तुमची माया कळते. पण खोटं बोलायचं तर निदान भिंत बघून यायचं."

"बघूनच आलोय. कोरी पांढरी आहे. डोळे तपासून घ्या साहेब."

"पण पुसलंत का?" मी मध्येच विचारलं.

"आजारी माणसासमोर असलं चित्र ठेवू नये," बाबा म्हणाले आणि ताडकन उठून गेले. त्यापलीकडे एक अक्षर बोलले नाहीत.

साहेबांच्या लेखी प्रकरण संपलं होतं. म्हाताऱ्याने जावयासाठी आळ अंगावर घेतला, तो वाया गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. दिवसभर खोटं ऐकणं हेच माझं पोटापाण्याचं साधन आहे. खोटं बोलणारा माणूस पटेल असं बोलतो. भिंत अर्धी रंगलेली सगळ्या जगाला दिसत असताना "अख्खी" म्हणणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर...

नाहीतर काय, ते मला सुचेना.

३

चित्र ज्यांच्या हट्टाने भिंतीवर आलं त्या थेरपिस्ट बाई हॉलमध्येच भेटल्या. पेशंटकडून व्यायाम करून घेणं हे त्यांचं काम. कमरेवर हात ठेवून त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होत्या. रडून झालं असावं.

"साहेबांना वाटतं की ही सजावट होती," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, पडदा लावू. पडदा! माझं औषध गेलंय हो यात."

"चित्राचं औषध?"

त्यांनी मला तिथल्याच एका खुर्चीत बसवलं आणि पेशंटसमोर बोलतात तसं सावकाश सांगितलं. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की काही जणांची डावी बाजू हरवते. डोळे चांगले असतात, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. डावीकडे उभी असलेली बायको दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलं काही हरवलंय हे त्या माणसाला पटत नाही. जग तेवढंच आहे, असं त्याला वाटतं.

"मग त्याला डावीकडे बघ, डावीकडे बघ म्हणून किती ओरडणार?" त्या म्हणाल्या. "कंटाळतात, चिडतात. म्हणून मी हे चित्र मागितलं. सायकलवाल्याच्या मागे जा, तो कुठे चाललाय सांगा, असं म्हटलं की माणूस आपणहून मान वळवतो. ज्या दिवशी त्याला घर सापडतं, त्या दिवशी वॉर्डात आनंद होतो. एक आजोबा तर दारातल्या बाईला रोज नमस्कार करायचे."

"मग हे पुसावं असं कुणाला वाटेल?"

त्यांनी पांढऱ्या रंगावरून बोट फिरवलं. "चित्रकार बाईंचं आणि माझं वाजलं होतं. घर मध्यभागी हवं, असा त्यांचा आग्रह होता. मी हट्टाने अगदी डाव्या टोकाला ढकलायला लावलं. त्या म्हणाल्या, तुम्ही माझ्या चित्राचा तोल घालवलात."

मी गेटवर गेले. पहारेकऱ्याला रविवारी कोण कोण आलं ते विचारलं.

"चित्रवाल्या बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "सकाळीच. लगेच गेल्या, तोंड पाडून."

४

चित्रकार बाईंचं काम करायचं ठिकाण एका छापखान्याच्या वर होतं. जिना चढताना खालची यंत्रं पायाखाली थरथरत होती. आत टर्पेंटाइनचा वास, आणि बाईंच्या कपाळावर हिरवा डाग.

"आले होते," त्या सरळ म्हणाल्या. "रंग नीट बसलाय का ते बघायला, अगदी उजाडताच. हॉलला कुलूप होतं, परत गेले. आणि हो, ते चित्र मला आवडत नाही. विचारा अजून काय विचारायचं ते."

"पुसण्याइतकं नावडतं?"

त्या मोठ्याने हसल्या. "अहो, मला पुसायचं असतं तर मी घर पुसलं असतं. त्या घरानेच तर माझं चित्र बिघडवलंय. माणसं का पुसेन? ती सायकल जमायला माझे किती दिवस गेले ते मला माहीत."

मोबाइलवर काढलेला भिंतीचा फोटो मी त्यांना दाखवला. आपलं अर्धं चित्र गेलेलं बघून त्यांचा चेहरा उतरला. आवडत नाही म्हणणाऱ्या बाईचा उतरावा त्याहून जास्त. मग त्या फोटो मोठा करून करून बघायला लागल्या.

"हा कुणी नवशिका नाही. दोन हात मारलेत, खालचं काही दिसत नाहीये. आणि ही मधली कड बघा. काम मध्येच टाकून गेलेल्याची कड फाटकी असते, ब्रश कुठेतरी सुटलेला दिसतो. इथे वरपासून खालपर्यंत हात बंद केलाय. भिंतीचा शेवट आल्यावर रंगारी करतात तसा."

"पण भिंतीचा शेवट तिथे नाही."

"तेच तर म्हणतेय. तुमचा माणूस पळाला नाही, ताई. त्याचं काम संपलं म्हणून तो गेला."

५

परत आले तेव्हा जावई मागच्या जिन्यात डबा उघडून बसला होता, पण जेवत नव्हता. मी शेजारी बसले.

"तू आणि सासरे एकाच घरात. किल्ली खुंटीला होती ना?" मी विचारलं. "रविवारी तुझी सुट्टी. आणि सासरे सकाळी बाहेर पडलेले."

त्याने डबा बंद केला. "ताई, पाया पडतो, हे वर सांगू नका. माझं काय, मी दुसरीकडे खुर्च्या ढकलीन. त्यांना इथून हाकललं तर ते जगायचे नाहीत."

"पण त्यांनी स्वतःच सांगितलंय."

"आणि कुणाला पटलं नाही. तसंच राहू द्या." त्याने डबा पिशवीत ठेवला. "म्हातारपण आलंय त्यांना. महिनाभर फार चिडचिड करतात. सदऱ्याची एकच बाही घालून बाहेर पडतात. हिच्याशी तर रोज भांडण. म्हणतात, मुलगी असून मला अर्धपोटी ठेवतेस. आणि ताटात अर्धं जेवण तसंच! ही रडते, म्हणते, मुद्दाम टाकतात, माझा राग काढतात."

"ताटात कुठल्या बाजूचं राहतं?"

"असं कोण बघतं, ताई?" तो म्हणाला. मग त्याने डोळे मिटले, जेवायला वाढल्यासारखा हात हवेत फिरवला आणि थांबला. "भाजी उजवीकडे वाढते ती. भाजी संपते. पोळ्या राहतात. डावीकडच्या."

मी उठले. धावण्याचं माझं वय नाही, पण त्या दिवशी धावले. माझ्या टेबलावर बाबांची सकाळची बशी अजून तशीच होती. एका बाजूची बिस्किटं संपलेली, दुसऱ्या बाजूची शिल्लक.

थेरपिस्ट बाईंना मी दारात उभं राहायला सांगितलं आणि बाबांना बोलावणं धाडलं. ते आले, पुन्हा चौकटीला धडकले, बसले. तीच बशी तशीच त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, बिस्किट घ्या."

"रिकामी बशी पुढे करता आणि घ्या म्हणता? थट्टा करता का म्हाताऱ्याची?"

मी बशी जागच्या जागी अर्धी फिरवली. डावी बाजू उजवीकडे आली.

"आता कसं," ते म्हणाले आणि त्यांनी बिस्किट उचललं.

दारात थेरपिस्ट बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "बाबा, ते चित्र का पुसलंत?"

या वेळी ते बोलले. "आधी छान होतं हो ते. मी स्वतः जाऊन बघत बसायचो. मग कुणीतरी त्यातलं घर काढून टाकलं."

"घर काढलं?"

"काढलं! कुणाचं लक्षच नाही. ती सगळी माणसं थकूनभागून चाललेली, आणि पुढे घरच नाही. सायकलवाला नुसता चालतोय, पोरगं खांद्यावर झोपायला आलंय. कुठे जायची ती? आमचे पेशंट रोज तेच बघत बसतात. मला बघवेना. म्हटलं, यापेक्षा कोरी भिंत बरी."

बाबांनी दुसरं बिस्किट चहात बुडवलं.

६

साहेबांना समजवायला वेळ लागला नाही. खरं तर मला थोडा वेळ लागावा असं वाटत होतं; त्यांचा पडलेला चेहरा बघायची संधी रोज येत नाही.

"बाबांनी खरं सांगितलं, साहेब. त्यांनी अख्खी भिंत रंगवली. त्यांच्यापुरती अख्खी. म्हणून ब्रश धुतला, शिडी ठेवली, कड बंद केली. अनोळखी माणूस घाबरून अर्धं सोडेल, चित्रकार बाईंनी घर पुसलं असतं आणि जावयाला दोन हात सफाईने मारता येत नाहीत. सराईत हात, संपवलेलं काम आणि तरी अर्धी भिंत, हे तिन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरं असू शकतं. जो चांगला रंगारी आहे आणि ज्याची डावी बाजू हरवली आहे."

"पण हातपाय तर धड आहेत त्यांचे," साहेब म्हणाले.

"काहींचे राहतात," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "म्हणूनच कुणाला कळत नाही. आपण त्याला म्हातारपण म्हणतो."

त्याच संध्याकाळी मेंदूचा फोटो काढला. लहानसा झटका, काही आठवड्यांपूर्वीचा. डॉक्टर म्हणाले की रक्तदाब बघता याहून मोठा झटका फार लांब नव्हता; बरं झालं आणलंत. जावयाला कामावरून काढायचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. माफीही मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याला "अहो" म्हणाले. बाबांची मुलगी डॉक्टरांचं ऐकून वॉर्डाच्या दारातच बसली आणि रडली. महिनाभर ज्या जेवणावरून ती भांडली होती, त्यात तिचाही दोष नव्हता आणि त्यांचाही नव्हता, हे तिला तेव्हा कळलं.

भिंत आहे तशीच ठेवली. चित्रकार बाई रंग घेऊन आल्या होत्या, पण थेरपिस्ट बाईंनी त्यांना थांबवलं. उजवीकडे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे दोघातिघा पेशंटची नजर आपसूक डावीकडे सरकायला लागली होती. सगळ्यांची नाही, पण त्या म्हणाल्या, थोडे दिवस बघू. त्यावरून दोघींचं पुन्हा वाजलं.

बाबा त्याच वॉर्डात पेशंट म्हणून राहिले. औषधं, व्यायाम, आणि रोज त्या भिंतीसमोर खुर्ची. वॉर्डातल्या सगळ्यांना ताकीद होती की बाबांशी बोलायचं ते त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून. सुरुवातीला आवाज कुठून येतो ते त्यांना समजायचं नाही आणि ते उजवीकडे शोधत राहायचे. बघताना वाईट वाटायचं. भिंत अर्धी राहिली आहे, हे मात्र त्यांच्यासमोर कुणी काढलं नाही. तेवढं सांगायची हिंमत माझ्यातही नव्हती.

एका सकाळी मी हॉलमध्ये पंख्याची तक्रार बघायला गेले होते. बाबा खुर्चीत बसून पांढऱ्या रंगावरून नजर हळूहळू सरकवत होते, शिकवलं होतं तशी. मधल्या कडेपाशी नजर थांबली. मग पुढे गेली. पायऱ्या, लाल दार, दारातली बाई.

त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले.

"ही एवढी भिंत राहिली कशी?" ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "माझ्या हातून?"

आजार झाल्याचं कळलं तेव्हाही मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. थेरपिस्ट बाई काहीतरी सांगायला पुढे झाल्या, पण त्यांच्याआधी जावई बोलला. तो नेहमीच्या जागी, डाव्या हाताला उभा होता.

"तुमच्या हातून नाही, बाबा. मीच येऊन थांबवलं तुम्हाला. म्हटलं, घर तेवढं राहू द्या."

ज्या कामाचा आळ आला तेव्हा तो नाही म्हणाला होता, त्यातलं अर्धं त्याने आता आपण होऊन अंगावर घेतलं. बाबांनी मान वळवली. पूर्ण वळवली, कुणी न सांगता, जावयाचा चेहरा समोर येईपर्यंत. त्यांना पटलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

"बरं केलंत, जावईबापू," ते म्हणाले.